कुलूप ओढून बघणं

ती. आई, दुरूनच पाया पडते.

मी आजपासून पुन्हा यांच्याच प्रयोगशाळेत कामावर जायला लागले. जेवण वेळेवर होतं, काळजी नसावी.

हे गेले तेव्हापासून तिथलं यांचं काम संगणक करतो. क्वांटम चिपमध्ये एकच इलेक्ट्रॉन थांबेल असं व्होल्टेज जुळवायला तो यांच्याच जुन्या नोंदींवरून शिकला. आज बघितलं. व्होल्टेज बरोबर जुळलं, तरी संगणक एक पायरी मागे आला आणि पुन्हा पुढे गेला. घरातून निघताना हे कुलूप लावून परत ओढून बघायचे, अगदी तसं.

साहेब म्हणाले, "वहिनी, यात उगाच वेळ जातो. ती पायरी काढून टाकू?"

"राहू द्या," एवढंच तोंडातून निघालं.

ही सवय यांना तुमच्याकडूनच आली ना? तुम्ही अजून ओढून बघता ना?

तुमची,
सून