चार पुड्यांचा वास

शुक्रवार, १२ जुलै १९९६

चारही पुड्या हुंगल्या. काही नाही.

अनिरुद्ध समोर बसलेला, माझ्या तोंडाकडे डोळे लावून. पुण्याचा माणूस, इथं आखातात बँकेत. महिनाभर अमेरिकेत ट्रेनिंगला गेला आणि मोज्यांत दडवून ह्या चंदेरी पुड्या घेऊन आला. हॉप्स! बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं – दळून, दाबून केलेल्या हिरव्या गोळ्या, थेट कोंबडीच्या खाद्यासारख्या. तीन वर्षं आम्ही दोघं घरी बिअर करतो ती एका इंग्रज शेजाऱ्यानं जाताना दिलेल्या गोल्डिंगवर. एकच जात, हाताला बसलेली. आता ह्या चार नव्या – कॅस्केड, चिनूक, सेंटेनियल, माउंट हूड. नावं वाचून मोटारींचं शोरूम वाटतं.

"काय यादवराव, कसा आहे वास?" म्हणाला.

"वा!" मी म्हटलं. "वा वा!" जरा जास्तच मोठ्यानं.

तो खूश झाला. "तुमच्या नाकावर सोडतो सगळं. कुठली कशात घालायची ते तुम्ही ठरवा."

माझ्या नाकावर!

रविवार, १४ जुलै

बाहेर त्रेचाळीस. जुन्या डीप फ्रीजरला मीच थर्मोस्टॅट बसवलाय, आत बरोबर वीस. चारही जाती थोड्याथोड्या घालून माल उकळला आणि बंद करून ठेवला. अंदाजानं. म्हणजे काहीच नसताना.

मंगळवार, १६ जुलै

कुणाला सांगितलेलं नाही, तेव्हा इथं लिहितो. बायकोला, लीलाला, माहीत आहे, पण तिला सांगावं लागलं नाही. भाजी करपली आणि मी शेजारी पेपर वाचत बसलो होतो. तिनं गॅस बंद केला, माझ्याकडे पाहिलं. झालं.

नाक ९ मार्चला गेलं. एका कोल्ड स्टोअरेजमध्ये पाइपचा जोड सुटला आणि अमोनियाचा फवारा तोंडावर. डोळे वाचले, छाती वाचली. आठ दिवसांत कामावर. डॉक्टर म्हणाला, नाकाचं सांगता येत नाही, सहा महिने बघू. वर्कशॉपमध्ये सगळ्यांना सांगितलं – एकदम फर्स्ट क्लास!

कारण आमच्या वर्कशॉपची एक रीत आहे. मीच घातलेली. अमोनियाच्या कामात मशीन चालू झालं की आधी मी एकटा आत जातो. नाक वर करून सगळीकडे चक्कर मारतो. मग दारात येऊन "यल्ला!" म्हणतो, म्हणजे चला. त्यानंतर माणसं आत. मीना सलमान बंदरात ह्यावरून माझं नाव आहे. गळती शोधायला गंधकाची काडी असते, पेटवून जोडाजवळ नेली की पांढरा धूर होतो. पण काडी कुठे न्यायची ते नाक सांगतं. डोळे झोंबायला लागेपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो.

बडनेऱ्याच्या बर्फाच्या कारखान्यात झाडू मारायचो. तिथल्या मिस्त्रीला कळायच्या आधी मला गळती कळायची. त्या नाकावर इथवर आलो. वर्कशॉप, फ्लॅट, पोरीची शाळा.

वाईट वाटत नाही. हेच विचित्र आहे. काहीच वाटत नाही.

बुधवार, २४ जुलै

बाटल्या भरल्या. लीलानं ठेचा केला होता. झोंबला फक्त.

शुक्रवार, २ ऑगस्ट

पहिली बाटली फोडली, जरा लवकरच. अनिरुद्धनं घोट घेतला. मग थांबला.

नाक गेलं तरी कान शाबूत आहेत. कॉम्प्रेसरचं बेअरिंग जायच्या पंधरा दिवस आधी मला ऐकू येतं. माणसाचंही येतं. अनिरुद्ध "मस्त" म्हणाला, पण त्याआधी जेवढा थांबला तेवढा चांगली बिअर पिणारा माणूस थांबत नाही.

"खरं बोल रे."

"नाही, मस्तच. फक्त... जरा खोकल्याच्या औषधासारखी."

मी हसलो. तोही हसला, सुटल्यासारखा. पाहिजे तेव्हा हसता येतं मला अजून.

श्रावस्ती तिथून जाताना ग्लास हुंगून म्हणाली, "बाबा, स्मेल्स लाइक फ्लोअर क्लीनर." पंधरा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, बोलते इंग्लिशच. पण बोलते ते खरं.

रविवार, ४ ऑगस्ट

सकाळी स्वयंपाकघरात पुड्या उघडून बसलो होतो. एकेक नाकाशी धरायची, खाली ठेवायची. लीला वंदना आटोपून आली.

"काहून हुंगता एवढं? येते का काही?"

"नाही."

तिनं पदराला हात पुसले आणि समोर बसली. लीला पाचवं शील, नशा न करण्याचं, पाळते, काटेकोर. तीन वर्षांत माझ्या फ्रीजरला हात लावलेला नाही, बाटल्या विसळायची गोष्टच सोडा. म्हणाली, "पिणार नाई मी. पण वास घ्यायले शील आडवं येत नाई. आणा इकडे."

चार पेल्यांत गरम पाणी ओतलं, प्रत्येकात चार-चार गोळ्या. ती पेल्यावर वाकली, डोळे मिटून. तिचं ऐकून लिहून घेतलं, तसंच्या तसं –

कॅस्केड. "संत्रं. पिकलेलं नाई. सालीत नख खुपसलं की फवारा उडते ना, ते."

सेंटेनियल. "गवती चहा. अन् फुलं कायची तरी, लिंबाची असतीन."

माउंट हूड. "वाळलं गवत. चांगलं, पाऊस न लागलेलं. मागून बडीशेप."

चिनूक. पेला लांब धरला. "राळ. सुतारानं घर भरून ठेवल्यासारखं! हे तुमी भसकन टाकलं असणार मागच्या बारीले."

टाकलं होतं.

"हे अन् गवती चहावालं एकत्र घालू नोका. भांडतात. संत्र्यात थोडं गवत टाका, गरीब हाय ते, कोणासंगंबी राह्यते."

वीस वर्षं संसार केला. एवढं वाकून, एवढं लक्ष देऊन ती माझ्या कामात कधी बोलली नव्हती. बरं वाटायला हवं होतं. वाटलं असेल.

शुक्रवार, ९ ऑगस्ट

लीलाच्या सांगण्यावरून दुसरा माल लावला.

चिनूक सुरुवातीलाच, चिमूटभर. तासभर उकळल्यावर वास उडून जातो आणि कडूपणा उरतो. कडू मला कळतं, जीभ जिवंत आहे. तेवढा भाग माझा. कॅस्केड शेवटच्या पाच मिनिटांत. माउंट हूड उकळायचंच नाही, पाच दिवसांनी थंड पिंपात सोडायचं. सेंटेनियल बाजूला.

अनिरुद्ध वजनकाटा घेऊन उभा. "नाक म्हणजे नाक हो यादवराव! हे जुळवलं कसं तुम्ही?"

म्हटलं, "सवय."

लीला दारात उभी होती.

सोमवार, १२ ऑगस्ट

मासळीच्या कोल्ड स्टोअरेजचं काम आता संपत आलंय. नवे पाइप, नवे व्हॉल्व्ह. मॅनेजर महमूद आज म्हणाला, "यादव, एकतीस तारीख, शनिवार. गॅस, मशीन, खलास. इंशाल्ला." मग माझ्या खांद्यावर थाप मारून, "तुझ्या नाकाला तयार ठेव!"

रहिमतुल्ला शेजारी होता. माझा हेड मिस्त्री, दापोलीकडचा, चौदा वर्षं बरोबर आहे. तो हसला नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, हे मी पाहिलं.

आठ माणसं आत जाणार.

बुधवार, १४ ऑगस्ट

आलं!

पिंपात माउंट हूड सोडताना लीला बाजूला होती. "पाहा, गवत," म्हणाली. आणि गवत आलं. क्षणभर. बैलगाडीत भरलेलं, गरम. मी हातातला चमचा खाली ठेवला. परत हुंगलं, गेलं होतं. पण आलं होतं.

लीलाला म्हटलं, "आलं."

"खरंच?" म्हणाली.

"खरंच."

रविवार, १८ ऑगस्ट

आज संत्रं. लीलानं कॅस्केडची पुडी पुढे केली, "हे घ्या तुमचं संत्रं." स्पष्ट आलं. सालीसकट.

डॉक्टरचे सहा महिने ९ सप्टेंबरला होतात. माणूस हुशार आहे.

मंगळवार, २० ऑगस्ट

बाटल्या भरल्या. रहिमतुल्लाला सांगितलं, एकतीसला नेहमीसारखंच, आधी मी. तो म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं." त्याच्या आवाजात काही नव्हतं. नुसते शब्द.

मला वाटतं त्याला संशय होता. आता फिटेल.

रविवार, २५ ऑगस्ट

घरी येताना सगळं हुंगत आलो. डिझेल, मासळी, बेकरी. बेकरी आली! पाटी दिसल्यावर आली. तरी आली.

गुरुवार, २९ ऑगस्ट

दुसऱ्या मालाची बाटली फोडली. अनिरुद्ध आला होता. घोट घेतला आणि न थांबता म्हणाला, "आई शप्पथ!" मग, "संत्रं हो! आणि मागून काहीतरी शेतातलं." थांबला नाही म्हणजे खरं. मी ग्लास उचलला, आणि हो – संत्रं. मागून शेत.

"हे बाजारातल्या कुठल्या बाटलीत मिळायचं नाही," अनिरुद्ध म्हणाला. "पेटंट घ्या."

"पेटंट बाईसाहेबांच्या नावावर," मी म्हटलं. कसा कोण जाणे, बोलून गेलो. अनिरुद्धला थट्टा वाटली. "वहिनी, तुम्ही तर पीत नाही!"

लीला श्रावस्तीची वही चाळत बसली होती. वर न बघता म्हणाली, "नाई पीत."

अनिरुद्ध गेल्यावरही ती तशीच बसलेली. म्हटलं, काय झालं? "काई नाई. परवा शनिवार ना?" हो म्हटलं. "आठ जण ना?" हो म्हटलं. वही मिटून आत गेली.

श्रावस्ती म्हणाली, "बाबा, धिस वन इज नाइस." तिच्याकडून हे म्हणजे मोठं बक्षीस.

शुक्रवार, ३० ऑगस्ट

सकाळी चहा झाल्यावर लीला म्हणाली, "डोळे मिटा."

मिटले. तिनं नाकासमोर काहीतरी धरलं. बोटांची ऊब लागत होती.

"हे राळेचं," म्हणाली.

ओढला श्वास. "हो. चिनूक. सुताराचं."

"आता हे संत्र्याचं."

"हो, हो. साल. आत्ता सोललेली!" मला तर तोंडाला पाणी सुटलं.

"उघडा."

तिचा उजवा तळहात माझ्या नाकापुढे होता. रिकामा. पुड्या फडताळात होत्या, रबर लावून, कालपासून हात न लावलेल्या. माझ्यासमोर तिनं हात धुतले होते, साबणानं, मी पाहिलंही होतं.

"दोन्ही बारीले हाच हात होता," म्हणाली. "तुमाले वास येत नाई जी. कोणी बोललं की येते. अनिरुद्ध भाऊ बोलले, मंग आला. मी बोलली, मंग आला. तुमाले ऐकू येते."

मी म्हटलं, परत घे. न बोलता. तिनं फडताळातून पुडी आणली. डोळे मिटून मी किती वेळ ओढत होतो कोण जाणे. छाती भरली. काही नाही. मग तिनं दुसरी धरली असेल, तिसरी धरली असेल. सांगता आलं नाही कधी बदलली ते.

शेवटी डोळे उघडले. ती रडत होती. मी तिच्याकडे बघत बसलो, एखाद्या दुसऱ्याच्या घरी बसल्यासारखा.

"सांगून टाका त्यायले," म्हणाली.

शनिवार, ३१ ऑगस्ट

साडेपाचला रहिमतुल्लाला फोन केला. सगळं सांगितलं. आज दारात मी नाही, माझं नाक मेलंय, ९ मार्चपासून. महमूदला मीच सांगतो, काम आठवडाभर थांबेल, दुसरा माणूस आणू.

पलीकडून त्याचा श्वास ऐकू येत होता. मग तो अगदी हळू म्हणाला, "मग यादवराव, एप्रिलमध्ये मुहर्रकच्या कोल्ड स्टोअरेजला तुम्ही 'यल्ला' म्हणालात आणि आम्ही पाच जण आत गेलो, ते?"

हे मी ह्या वहीलाही सांगितलं नव्हतं.