निळ्या खुणा

३ नोव्हेंबर
इझाबेलचा कालही डोळ्याला डोळा लागला नाही. रात्री नऊ वाजता मेलबर्नला लेस्टरला मेसेज — जेवलास का, सर्दी गेली का. पाठोपाठ दोन निळ्या खुणा. म्हणजे वाचलं. मग पहाटेपर्यंत उत्तराची वाट. केळीची वाडी विकायला आम्ही नाही म्हटलं तेव्हापासून पोरगं मुकं झालंय. सात महिने.
"वाचतो, पण बोलत नाही," म्हणते. तेच तिला खातंय.

५ नोव्हेंबर
पुतणी टिफनी आली. एव्हरशाईन वस्तीतल्या चष्म्याच्या दुकानात कामाला असते. "आंटी, मोबाईलचा निळा उजेड झोप उडवतो म्हणतात."
मी विचारलं, खरंच का गं?
"अंकल, काही डॉक्टर हो म्हणतात, काही नाही. आम्ही आपले चष्मे विकतो. पण निळा उजेड कमी करायचं मोबाईलमधलं सेटिंग फुकट आहे."
तिने ते टोकापर्यंत ओढलं. स्क्रीन पिवळीधमक. इझाबेल म्हणाली, "कावीळ झाली याला."

६ नोव्हेंबर
पाच तास झोपली!

१२ नोव्हेंबर
आता रोज सहा-सात तास. आज भाजी निवडताना गुणगुणत होती. "लेस्टर हल्ली मेसेज उघडतच नाही. खुणा काळपटच. कामाचा ढीग असेल बिचाऱ्याला. वाचलं की करेल फोन."
बाजारात केळी द्यायला गेलो, तिथे चार जणांना सांगून आलो — पिवळं करा, झोपाल.

१५ नोव्हेंबर
दुपारी गिऱ्हाइकाला पाठवायला तिच्या मोबाईलवर घडाचा फोटो काढला. हिरवा घड पिकल्यासारखा दिसायला लागला! म्हणून ते सेटिंग काढलं. लेस्टरचं नाव वरच होतं. उघडलं.
सगळ्या खुणा निळ्या. रोजच्या. पिवळ्यात निळं दिसतच नव्हतं, एवढंच. पोराने एकूण एक वाचलंय.
सेटिंग परत टोकाला नेलं. मोबाईल होता तिथे, उशाशी ठेवला.

१६ नोव्हेंबर
माझ्या मोबाईलवरून त्याला लिहिलं — बाळा, आईला एक ओळ तरी लिही.
लगेच उत्तर. सात महिन्यांत पहिलं.
"डॅडी, मम्मीला सांगा मेसेज नको पाठवू. इथे रात्रीचे अडीच वाजलेले असतात. माझी झोप मोडते."

१७ नोव्हेंबर
टिफनीने विचारलं, पिवळ्याने फरक पडला का. म्हटलं, पडला.
इझाबेल सात तास झोपली. मी मोजले.