टाकीवरची साय

४ नोव्हेंबर
आले बाई एकदाची औशाला! नांदेडला आई रडत होती आणि मी मात्र खिडकीची जागा मिळाली म्हणून खूश. घरमालकीण सरजाबाईंच्या माडीवरची खोली लख्ख आहे, नळ तेवढा खाली अंगणात. सोयाबीन तेलाच्या कारखान्यात सहा महिने यंत्रं शिकायची, मग कायमची नोकरी. शिकवणार दस्तगीरचाचा, तीस वर्षं रिफायनरीत काढलेले. आज त्यांनी तेल गाळायचा फिल्टर प्रेस उघडून दाखवला. भिंतीला पाट टेकवून ठेवावेत तशा लोखंडी प्लेटा, मधे कापड, कापडावर करडा चिखल. मी नाक दाबलं तर चाचा म्हणाले, ह्ये तर काईच न्हाई बेटा, अजून टाकी बघायची हाय.

६ नोव्हेंबर
टाकी बघितली. कच्च्या तेलात कॉस्टिक सोडा घातला की तळाशी साबणासारखा गाळ बसतो, तो या टाकीत सोडतात. रंग हगवणीचा. वासाचं काय सांगू, नाकातून जातच नाही. रात्रीतून वर जाड साय धरते. सोडा मोजायचं मीटर आहे, पण खोक्यातच. चाचांची रीत अशी की साय उघड्या हातानं बाजूला सारायची आणि गाळ बोटांत चोळून बघायचा. बुळबुळीत लागला तर सोडा जास्त, चिकट लागला तर कमी. हातमोजे घातल्यावर कळत न्हाई, म्हणाले. घातला बाई हात, कोपरापर्यंत. शी! सरजाबाईंनी भाकरी वाढली, तिलाही तोच वास.

११ नोव्हेंबर
आता बोटांना बरोबर अंदाज येतो. चाचांनी शाबासकी दिली. पण आज गेटवरच्या हजेरीच्या मशीननं माझा अंगठा घेतलाच नाही. वॉचमन वैजनाथ हसत म्हणाला, रिफायनरीवाल्यायचं असंच व्हतंय म्याडम, सही करा रजिस्टरात. दुपारी चाचांचे तळवे नीट पाहिले. एक रेष नाही. उकडून सोललेला बटाटा. मग स्वतःचे पाहिले आणि डबा तसाच बंद केला.

१४ नोव्हेंबर
सायीवर रेषा आहेत. सुरकुत्या असतील म्हणून वाकले. बोटांचे ठसे, एकाला लागून एक. त्यातल्या एकावर तिरका वण. लहानपणी विळीनं कापलेल्या बोटाचा, माझ्या बोटाचा. माझ्या बोटावर तो आता नाही.

चाचांना धरून विचारलं. खाली बघत म्हणाले, ती साय घेती बेटा. माझं लई वर्षं घेतलं, पर म्हाताऱ्याची कातडी तिला धरत न्हाई. कवळी पायजे. म्हणजे या माणसानं जाणूनबुजून माझा हात आत घातला! तिथंच ओकले. ओकलेलं टाकीत पडलं आणि साय त्यावर हळूच मिटली.

१५ नोव्हेंबर
आज मोजे घालून फक्त व्हॉल्व्ह फिरवले. टाकीकडे फिरकलेसुद्धा नाही. दुपारी मोजे काढले तर कातडी आतच राहिली. ओली, पातळ, नखांसकट. दुखत नाही. दुखायला तरी हवं होतं.

घाईत स्कार्फ लॉकरपाशीच विसरला.

१६ नोव्हेंबर
नोकरी गेली खड्ड्यात. राजीनामा द्यायला सकाळीच गेले. वैजनाथ चक्रावला. म्हणाला, आत्ताच तर अंगठा लावून बाहेर गेलात की, तोंडाला स्कार्फ बांधून. मशीनवर माझं नाव, पूनम. सात वाजून दोन मिनिटं.

टाकीपाशी पळाले. साय नाही. शिडीवरून खाली, गेटाकडे, चिकट पावलं. चाचा ती पुसत होते. मान वर केली नाही —

दुपार
खोलीत. कडी घातलीय. पेन सटकतंय — बॅगेची चेन लागत नाही — तीनची नांदेड बस —

खाली सरजाबाई कुणाला तरी म्हणतायत, आलीस का पूनम, काय गं वास मारायलाय, आधी हात धू —

नळ सुरू झाला. बंद झाला.

जिना — पायरीला चिकटून सुटल्याचा आवाज — पुन्हा —

दाराखालच्या फटीतून स्कार्फ आत आला. नुसताच. मागून बोटं, मनगट — सगळं घडी घातल्यासारखं सपाट — उलगडतंय — उभं राहिलं —

हात आहेत. पाय आहेत. माझ्याएवढंच आहे. फक्त तोंडाच्या जागी अजून काही नाही, म्हणून तर ते माझ्या —