सशांचं गणित

गोर्नो पोले, सोमवार

प्रिय स्तामेनमामा,

तुम्हाला आणि मामीला वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता बरा असेल, मामीच्या द्राक्षवेलीला यंदा बुरशी लागली नसेल, असं धरून चालते (कारण मला पुढचं सांगायची फार घाई झालीय). इकडे सगळे मजेत. फक्त बाबा आणि मी दोन दिवसांपासून एकमेकांशी गालका बकरीमार्फत बोलतो.

मामा, मला सातवीच्या परीक्षेत शंभरात एक्क्याण्णव मिळाले! आई रडली, बाबांनी तळघरातली राकिया दारूची बाटली काढली, आणि मीही रडले, पण वेगळ्या कारणानं. तुम्हाला ठाऊकच आहे, सातवीनंतर शाळांची यादी भरायची, आणि वरून खाली येताना ज्या शाळेला गुण पुरतात तिथंच आपली रवानगी. बाबांची पहिली पसंती शहरातली इंग्रजी शाळा. तिथं नव्वद लागतात. माझी पहिली पसंती जनावरांच्या डॉक्टरकीची शाळा. तिथं सत्तर पुरतात (शिवाय तिथं तबेला आहे! मी बघून आले. एका घोडीनं माझी वेणी चघळली, आणि तिथल्या बाई म्हणाल्या, "हिला माणसं सहसा आवडत नाहीत हं." मामा, तेव्हापासून माझे पाय जमिनीला लागलेले नाहीत. वेणी अजून धुतलेली नाही). बाबा म्हणतात, "लिही की तुझी गुरंढोरं दुसऱ्या क्रमांकावर, मी कुठं नाही म्हणतोय?" यातली मेख तुमच्या लक्षात आली असेलच.

म्हणून मी परीक्षेआधीच ठरवलं होतं, नव्वदच्या खाली राहायचं. परीक्षेच्या सकाळी आईनं उंबऱ्यावर तांब्याच्या भांड्यात पाणी आणि जिरेनियमचं फूल ठेवलं, नशीब साथ देतं म्हणून उजव्या पायानं लवंडून निघायचं असतं ना, ते. ती डब्यात चीजची बनित्सा बांधायला आत गेली, तेवढ्यात मी ते पाणी गालकाला पाजलं (तुमच्या टोपीची कड खाल्ली होती तीच). फूलही तिनं गिळलं. नशीब बकरीच्या पोटात गेलं, म्हटलं आता काळजी नाही. शिवाय शेवटची तीन गणितं कोरी सोडायची, हेही पक्कं होतं. पहिलं आगगाडीचं, सोडलं. दुसरं हौदाचं, सोडलं. आणि तिसरं, मामा, सशांचं निघालं! एका बाईकडे इतके ससे, इतक्या कोंबड्या, दाणा एवढाच, तर रोज कुणाला किती द्यायचा? आता हे कोरं कसं सोडणार? ते ससे उपाशी राहिले असते! मी दोनदा ताळा करून पाहिला. ससे जगले, आणि मी इंग्रजी शाळेत जाऊन पडले. (ते गणित वर्तमानपत्रात छापून आलंय, कात्रण सोबत ठेवलंय. ससे एकूण अठरा आहेत.)

तुमची लाडकी भाची,
रादोस्तिना

ता. क. शुक्रवारी यादीवर बाबांची सही लागते. आपल्या नात्यात शिकलेले तुम्ही एकटेच, असं बाबा मानतात (तुमच्या माघारी). "स्तामेन म्हणाला तर बघू," असं ते बकरीला म्हणालेत. तर जनावरांच्या डॉक्टरला गावात किती मान असतो, ते गुरुवारच्या आत लिहून पाठवा. पाणी कुणी प्यायलं ते आईला सांगू नका. पत्र टपालात टाकायला बाबांच्याच हाती देतेय; ते दुसऱ्याची पत्रं कधी वाचत नाहीत.

आणखी एक ता. क. स्तामेन, हा मी, वेलिन. पाकीट नीट चिकटलं नव्हतं. उत्तर लिहायचे कष्ट घेऊ नकोस, तुझं अक्षर तसंही लागत नाही. सही केलीय, घोडीवाली शाळा पहिल्या क्रमांकावर. पोरीला अजून सांगितलेलं नाही, आधी बकरीला सांगेन म्हणतो. कात्रण उलटून बघ. ते गणित मी मागच्या कोऱ्या जागेत तीनदा सोडवलंय. तिन्ही वेळा माझे ससे मेले.