पाळकांच्या घरची चेटकीण

ता. ३ जुलै

चि. धाकट्यास,

अ. आ. वि. वि. फोन केला की आपण दोघं तिसऱ्या वाक्याला भांडतो आणि पाचव्याला फोन ठेवतो, म्हणून आज कागद घेतलाय. कागदाला मध्येच बोलता येत नाही, हे त्याचं मोठं सुख.

तुझी लेक माझ्याकडे, दुकानाच्या वरच्या खोलीत, सुखरूप आहे. अकरा महिने झाले. सकाळी सातला घसा साफ करते तेव्हा खाली शटरवर बसलेली कबुतरं उडून जातात. तू तिचं नाव टिटवी ठेवलंस ते काही उगीच नाही.

काल दुकानात सहा वर्षांची एक मुलगी आली. पहिलाच चष्मा. तिची आई विनवण्या करतेय, मी आरसा धरून उभी, आणि पोरगी तोंड झाकून ढसढसा रडतेय. माझ्यासारख्या सत्तावीस वर्षं चष्मे बसवणाऱ्या बाईनेही हात टेकले होते. तेवढ्यात टिटवी जिना उतरून आली आणि काउंटरमागून चेटकिणीच्या आवाजात गरजली, की माझ्यासारखा चष्मा घालणारी ही कोण आलीय, माझी जादू चोरतेस काय! (ती जिला आवाज देते ती कार्टूनमधली खरखरी चेटकीण चष्मा लावते, हे तुला ठाऊक नसणार.) रडणं जागच्या जागी थांबलं. पोरीने चष्मा डोळ्यांवर ठेवला तो मला काड्यांचे स्क्रू घट्ट करायलासुद्धा काढून देईना.

आता मुद्द्याचं. तिला दोन ओळी लिही. तुझी बायको, आपली मास्तरीण, दर आठवड्याला लेकीला पत्र पाठवते, पण खाली तुझी सही नसते. टिटवी आधी कागदाचा तळ बघते आणि मग वरून वाचायला लागते. मी हे पाहिलंय म्हणून सांगते.

मास्तरणीला नमस्कार, तुला कानपिचकी. लोभ आहेच, तो काही तुझ्या वागण्यावर ठरत नाही.

तुझी ताई

ता. ९ जुलै

ती. ताईस,

ख्रिस्ताच्या नावाने सलाम, वि. वि. पत्र पोचलं. तू चष्मे विकतेस हे खरं, पण म्हणून मला दिसत नाही असं का धरून चालतेस?

इकडे सर्व ठीक. चर्चच्या पेटीच्या दोन पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत, त्यामुळे आमची सगळी गाणी सध्या जरा दुःखी वाटतात. बायको शाळेच्या वह्या तपासता तपासता त्याच लाल पेनाने माझे उपदेशही तपासते. मागच्या उपदेशावर तिने लिहिलं, मुद्दा चांगला, लांबण फार.

टिटवीने शिकवायची नोकरी सोडली याचा मला राग नाही. राग आहे तो लेकरांच्या कानात काय जातंय याचा. परवा रविवारच्या शाळेत प्रार्थना संपली आणि आमेनच्या जागी पाच पोरं एका सुरात खर्र खर्र खट्याक म्हणाली! एक वचन पाठ करायला यांना महिना लागतो, आणि चेटकिणीचे अकरा मंत्र तोंडपाठ. पडद्यावरून घरात येणारी गोष्ट दार ठोठावून येत नाही, ताई. ती आधीच कोचावर बसलेली असते. आणि त्या पोरांना हे शिकवणारा आवाज पाळकाच्या लेकीचा. चर्चची मंडळी तोंडावर काही बोलत नाही, पण मला ऐकू येतं.

म्हणून येत्या एकवीस तारखेला मी याच विषयावर उपदेश करणार आहे. तू विचारशील म्हणून आधीच सांगतो, की तो कार्यक्रम मी पाहिलेला नाही आणि पाहणारही नाही. विष चाखून बघायचं नसतं.

मी तिला हाकललं नाही. दार उघडं आहे. तो आवाज उंबऱ्याबाहेर ठेवून ये, एवढंच म्हणालो होतो. माझं चुकत असेल तर सांग. पण चुकलेलं नाही.

तब्येतीला जप. प्रार्थनेत आमची आठवण असावी.

तुझा धाकटा

ता. १४ जुलै

चि. धाकट्यास,

अ. आ. वि. वि. चुकत असेल तर सांग आणि पण चुकलेलं नाही, ही दोन वाक्यं एका श्वासात लिहायला पाळकाचंच काळीज लागतं.

तू लहानपणी कारल्याला तोंड न लावता ते कडू आहे म्हणायचास. बाबांनी तुला म्हटलं होतं, की एक फोड खा आणि मग हवी तेवढी नावं ठेव. मीही तेच म्हणते. उपदेश जरूर कर, पण एक भाग आधी बघ.

मी मात्र गेल्या बुधवारी तिच्या स्टुडिओत जाऊन आले. आपल्या न्हाणीघराएवढी खोली, भिंतींना करडा फोम चिकटवलेला, मध्ये माइक. बाजूला बशीत हिरव्या सफरचंदाच्या फोडी. मला वाटलं, पाहुणचार. उचलली एक, तर टिटवी हसली. बोलताना तोंडात चिकट आवाज येऊ नयेत म्हणून त्या खायच्या असतात म्हणे. चप्पल बाहेर, बांगड्या बाहेर. कपडासुद्धा सळसळणारा चालत नाही. काचेपलीकडे लेखक आणि यंत्रवाला. पडद्यावर चेटकिणीचं तोंड हलतं, आणि आपली पोर कंबर वाकवून, हाताची बोटं नाचवून अशी काही किंचाळते की मीच दोन पावलं मागे सरले.

पण ती सध्या अडली आहे. मालिकेचा शेवटचा भाग यायचाय. लेखकाने लिहिलं होतं, की गावातली मुलं चेटकिणीला विहिरीत ढकलतात आणि गोष्ट संपते. टिटवी म्हणाली की मी हे बोलणार नाही, तिला माफी मागायची एक संधी द्या. लेखकही हट्टी. त्याने सांगितलं की ठीक आहे, माफी लिहून देतो, पण ती खरी वाटली तरच ठेवीन, नाहीतर विहीर. चारदा केलं. चारही वेळा लेखकाने मान हलवली. घरी आल्यावर ती मला म्हणाली, आत्या, या आवाजाला धमकावता येतं, हसता येतं, पण चुकलं म्हणता येत नाही. मग धुतलेलीच भांडी तिने पुन्हा धुतली.

तुझ्या उपदेशाची बातमी तिला मास्तरणीच्या पत्रातून कळली आहे. त्यावर मी एक बोलते. हरवलेल्या मुलाच्या गोष्टीवर तू दरवर्षी पाऊण तास बोलतोस. त्यातला बाप म्हातारपणी परतणाऱ्या लेकाकडे धावत गेला होता रे. तू टपालपेटीपर्यंत चालतसुद्धा जाईनास.

आशीर्वाद आहेतच. रागावलास तर दोन दिवस रागाव, तिसऱ्या दिवशी लिही.

तुझी ताई

ता. २३ जुलै

ती. ताईस,

सलाम, वि. वि. हसायचं नाही असं वचन देऊन पुढे वाच.

रविवारी मी उपदेशाला उभा राहिलो. तयारी जय्यत. चर्च भरलेलं, मुलं पहिल्या दोन रांगांत. वीस मिनिटं चांगली गेली. मग मोह कसा गोड बोलून माणसाला भुलवतो हे सांगता सांगता मला नेहमीप्रमाणे भरतं आलं आणि मी बागेतल्या सापाचा आवाज काढला. तुला ठाऊक आहे माझी सवय. घशात जराशी खरखर, शब्द लांबवायचे आणि शेवटी एकदम वर चढायचं.

पहिल्या रांगेत घंटा वाजवणाऱ्या मामांची नात बसते, चार वर्षांची. ती बाकावर उभी राहिली आणि आनंदाने ओरडली, खरखरी! पाळकसाहेब खरखरी आहेत!

मग काय विचारतेस. सगळी पोरं एका सुरात, खर्र खर्र खट्याक. मोठ्यांनी गाण्याची पुस्तकं तोंडासमोर धरली, पण पुस्तकं थरथरत होती. पेटीवाल्याने प्रसंग सावरायला सूर धरला तर नेमकी अडकलेली पट्टी दाबली गेली आणि ती बराच वेळ रडत राहिली. आमची मास्तरीण तिसऱ्या रांगेतून उठून मागच्या खोलीत गेली. मला वाटलं, अपमान झाला म्हणून. जाऊन बघतो तर पोट धरून हसत होती. मी विचारलं की एवढं हसण्यासारखं काय आहे, तर म्हणाली की अकरा महिने तुमच्या तोंडून हा कार्यक्रम पाहिलेला नाही म्हणून ऐकतेय, आणि मी रोज पाहतेय, आणि रोज वाटतं तुम्हीच बोलताय.

संध्याकाळी मी मामांच्या घरी गेलो. त्यांच्या नातवंडांत जमिनीवर बसून पूर्ण भाग पाहिला. सगळंच गोड आहे असं मी म्हणणार नाही. मध्ये एक गाणं आहे ते कानात हातोडा मारल्यासारखं, आणि दर पाच मिनिटांनी गोळ्या-चॉकलेटच्या जाहिराती. पण चेटकीण बोलायला लागली आणि ताई, मी माझाच आवाज ऐकला. टिटवी तापाने पडली की मी तिला उशाशी बसून गोष्टी सांगायचो. नऊ फुटी पलिष्टी योद्धा, बोलणारी गाढवी, बागेतला साप. सगळ्यांना वेगळे आवाज. ती ताप उतरला तरी उतरला नाही म्हणायची. ती सगळी खरखर, तो शेवटचा चढ, पोरीने जसाच्या तसा जपलाय. मला वाटत होतं की हा आवाज तिने बाहेरून कुठूनतरी घरात आणला. तो घरातूनच गेला होता.

मामांच्या नातीने मला विचारलं की तुम्ही का रडताय, खरखरी तर हसवते.

आता मला सांग, पत्र सुरू कसं करू? हजार माणसांपुढे बोलतो, पण चार कागद फाडले. तू मायना लिहून पाठव, पुढचं मी बघतो.

तुझा धाकटा

ता. २६ जुलै

चि. धाकट्यास,

अ. आ. मी हसले. वचन दिलंच नव्हतं. समोर डोळे तपासायला बसलेल्या गिऱ्हाइकाला वाटलं की मी त्याच्या चुकलेल्या अक्षरांवर हसतेय, मग त्याचीही माफी मागितली. बघ, येतं मला.

मायना-बियना मी लिहून देणार नाही. तुझी लेक आहे, तूच सुरुवात कर. फक्त उशीर लावू नकोस. येत्या गुरुवारी शेवटचं रेकॉर्डिंग आहे आणि विहीर अजून उघडीच आहे. तुझ्याकडे काय घडलं ते मी तिला सांगितलेलं नाही. ते तुझ्या तोंडून कळू दे.

तुझी ताई

ता. २८ जुलै, रविवार दुपार

चि. टिटवीस,

माझं चुकलं.

हे पहिल्याच ओळीत लिहितोय, कारण याआधी फाडलेल्या चारही कागदांवर मी आधी कारणं लिहिली होती आणि ती वाचता वाचता मलाच पुन्हा माझं बरोबर वाटायला लागलं होतं.

तू निघालीस त्या दिवशी मी म्हणालो होतो, की पाळकाची लेक असून तू तुझा आवाज चेटकिणीला विकलास. तू पिशवी उचललीस, मला नमस्कार केलास आणि गेलीस. मी दारात उभा होतो आणि हाक मारली नाही. मंडळी काय म्हणेल याची मला भीती होती, आणि त्या भीतीला मी तत्त्व म्हणत होतो.

मागच्या रविवारी मी तुझ्या कार्यक्रमावर उपदेश केला आणि त्यात माझी जी शोभा झाली ती आत्याला विचार, ती मीठमसाला लावून सांगेल. आज त्याच जागी उभा राहून मी मंडळीला सांगितलं, की मी न पाहता बोललो आणि माझ्याच लेकीवर बोललो. ज्याने गोष्टी सांगून लोकांना शिकवलं, त्याच्या गोष्टींत लबाड कारभारी आहे, निर्दय न्यायाधीश आहे. त्यांना कोणीतरी आवाज दिल्याशिवाय त्या गोष्टी सांगायच्या कशा? मग पेटीवाले उठून म्हणाले की आम्ही घरी सगळेच बघतो साहेब, तुम्हाला सांगायची भीती वाटत होती.

एक मात्र आहे. प्रार्थनेनंतर आमेनच म्हणायचं, खट्याक नाही. यावर मी ठाम आहे.

गुरुवारी तुला एक अवघड वाक्य बोलायचंय असं कळलं. मला त्यातलं काही कळत नाही. मी माझ्यापुरतं तेच वाक्य आज पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं, आणि म्हणताना माझा आवाज मला ओळखू आला नाही, एवढंच सांगू शकतो.

तुझा, तुझ्यावर माया करणारा,
बाबा

(खाली आईची सही आहेच. या वेळी माझी वर आहे.)

ता. २ ऑगस्ट

ती. बाबांस,

सा. न. वि. वि. पत्र बुधवारी आलं. आत्या दुकानात काच घासत होती, तिने यंत्र बंद केलं आणि पाकीट हातात दिलं. मी जिन्यातच बसून वाचलं. वर जायला जमलं नाही. दोन गिऱ्हाइकं मला ओलांडून गेली.

काल रेकॉर्डिंग झालं. इतके दिवस मी काय करत होते ते मला कळलं. खरखरी माफी मागताना आधी मी तिला रडवत होते, मग तिची कारणं सांगत होते, की लहानपणी तिला कोणी खेळायला घेतलं नाही वगैरे. काल मी लेखकाला म्हटलं की मला फक्त पहिली ओळ द्या, बाकीच्या सात खोडा. मी सरळ उभी राहिले, हात खाली सोडले, आणि घशातली खरखर काढून टाकून हळूच म्हटलं, माझं चुकलं. मग लेखकाने हेडफोन काढले आणि तो बाहेर गेला. मला वाटलं, संपलं, आता विहीर. तो पाच मिनिटांनी आला, डोळे लाल, आणि यंत्रवाल्याला म्हणाला की मुलं तिला आपल्यात बसायला जागा देतात असं चित्र काढायला सांगा. काम वाढलं म्हणून चित्रवाले माझ्यावर चिडलेत. चिडू देत.

त्या गाण्याबद्दलचं तुमचं मत आत्याकडून कळलं, ते मी स्टुडिओत सांगितलं. संगीतवाला सोडून सगळ्यांना पटलं. खट्याकबद्दलही कबूल. रविवारच्या शाळेतल्या पोरांना मी स्वतः येऊन सांगेन, आणि खरखरीच्या आवाजातच सांगेन, म्हणजे ऐकतील.

पुढच्या शनिवारी सकाळच्या बसने येतेय. चार दिवस सुट्टी आहे. आत्याही दुकान बंद ठेवून माझ्याबरोबर येतेय. म्हणते, की पाळकाला चष्मा बदलून द्यायचाय, नंबर नक्की वाढला असणार. तुम्ही घ्यायला येऊ नका, बस किती वाजता पोचेल काही नेम नाही. पण तुम्ही येणारच, ते मला माहीत आहे.

आईला मात्र मी येतेय हे सांगू नका. ती शनिवारी सकाळी मागच्या पडवीत वह्या तपासत बसलेली असते. मला दारात उभं राहून तिला हाक मारायचीय, माझ्या स्वतःच्या आवाजात.

तुमची,
टिटवी