आईच्या टेपचे शंभर सेंटिमीटर

प्रिय बारके,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे पत्र लगेच उघडलं नसशील. दोन मिनिटं तशीच बसली असशील, मला ठाऊक आहे. घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. आईचं मनगट जुळून आलंय, प्लास्टर पुढच्या आठवड्यात निघेल, आणि भाजीत मीठ मी आता एकदाच घालतो. तुझ्या लग्नाला मी आलो नाही, त्यानंतर तुझ्या घराची पायरी चढलो नाही, या गोष्टीला दोन वर्षं आणि दोन महिने झाले. फोन करायला हवा होता, पण फोनवर माझं कसं होतं तुला माहीत आहे. कशी आहेस, बरी आहेस ना, देतो आईला, यापुढं माझी गाडी सरकत नाही. आणि आज मला इतकं सांगायचंय की तीन दिवस कागद शोधत होतो. बारके, मी शिवायला शिकलोय.

हसून घे. आईही हसली, आणि प्लास्टरचा हात पोटाशी धरून हसली, म्हणजे बघ. पण ऐक कसं झालं ते. ती घसरून पडली त्या दिवशी टेबलावर शर्टाचं कापड पसरलेलं होतं. हिरवट रंगाचं, बारीक रेघांचं. कडेनं खडूची एकच रेघ ओढलेली, शेजारी कात्री. दवाखान्यातून आल्यावर तिनं आधी त्या कापडाकडं पाहिलं आणि म्हणाली, राहिलं आता हे दीड महिना. कापड कोणासाठी, ते मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. दोन वर्षं आमच्या घरात काही गोष्टी अशा टेबलावर पडून असतात आणि आम्ही दोघं त्यांच्या कडेनं जेवतो.

पण मला ते कापड बघवेना. चौतीस वर्षं कारखान्यात तपासनीस म्हणून काढली, मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी लोकांशी भांडलो, आणि एक शर्ट मला जमू नये? शर्ट म्हणजे काय तर पाच-सहा सपाट तुकडे. लोखंड कापणाऱ्यांच्या चुका पकडल्या, कापड काय चीज आहे. असा माझा रुबाब. माझा तो कपाटातला खण उघडला, मीटरभर लांबीची स्टीलची पट्टी काढली, काटकोन बघायचा गुण्या काढला, बारीक जाडी मोजायचं व्हर्निअर काढलं, आणि हिरव्या कापडाला हात लावायच्या आधी सराव म्हणून उशीचा अभ्रा घेतला. चार सरळ बाजू. माझ्यासारख्या माणसाला लाज वाटावी इतकं सोपं काम.

पहिल्यांदा मोजली तेव्हा उशी एकोणपन्नास सेंटिमीटर भरली. पट्टी लावली की उशी दबायची, काढली की फुगायची. दुसऱ्यांदा साडेसत्तेचाळीस. तिसऱ्यांदा वेगळंच. चौतीस वर्षांत माझ्यापुढं आलेल्या कुठल्याही वस्तूनं असा उद्धटपणा केला नव्हता. शेवटी मधला आकडा धरला, अर्ध्या मिलिमीटरचाही फरक न ठेवता कापड कापलं, शिवलं, आणि उशी काही केल्या आत जाईना. आईनं कडेला बसून नुसतं विचारलं, शिवणीला कापड सोडलंत का हो? सोडलं नव्हतं. मला वाटलं होतं, माप म्हणजे माप.

तेव्हा नाक मुठीत धरून कोपऱ्यावरच्या शिंपीमास्तरांकडं गेलो. आईचं मशीन अडलं की तुझे शाळेचे कपडे ती त्यांच्याकडं धाडायची, तेच ते, आता चष्मा डोक्यावर ठेवून शोधत असतात. माझी स्टीलची पट्टी बघून म्हणाले, साहेब, ही टेबलाला लावा, माणसाला लावू नका. मऊ वस्तू मऊ टेपनं मोजायची. टेप अंगाभोवती नेऊन एक बोट आत घालायचं. बोट सुखानं फिरलं पाहिजे, टेप लोंबकळली नाही पाहिजे. मग त्यात शिवणीचं आणि हालचालीचं कापड वेगळं मिळवायचं. मी वही काढून लिहून घ्यायला लागलो, तर त्यांना माझी दया आली असावी. त्यांनी हाताखालच्या बाईला चहा सांगितला आणि दीड तास मला सोडलं नाही.

बारके, त्या दीड तासात माझं डोकं असं काही उघडलं की घरी येताना मी दोन गल्ल्या पुढं निघून गेलो होतो. दुसऱ्या दिवशी शिवणसामानाचं दुकान उघडायच्या आधी दारात हजर. दुकानदारानं टेपांचा खोका पुढं केला आणि सांगितलं, सगळ्या सारख्याच. असं मला कोणी म्हटलं की काय होतं, ते तुला सांगायला नको. स्टीलची पट्टी मी नेलीच होती. काउंटरवर ठेवून अकरा टेपा एकेक करून लावल्या. नऊ पास, दोन नापास. एकीचं पितळी टोक इतकं जाड बसवलेलं की शून्यच अर्धा सेंटिमीटर पुढं सरकलेलं, आणि दुसरी जराशी ओढली तर च्युइंगगमसारखी लांबायला लागली. दुकानदार आधी वैतागला होता, पण दुसरी नापास झाल्यावर स्वतःच आतून आणखी एक खोका घेऊन आला. मग आम्ही दोघं तासभर टेपा तपासत बसलो. गिऱ्हाईकं उभी राहून बघत होती. एका बाईनं तर पर्समधली स्वतःची टेप काढून दिली.

त्यातली न ताणणारी, धाग्याच्या जाळीवर मेण चढवल्यासारखी एक टेप मी घेतली. पारदर्शक पट्टी घेतली, चौकटी आखलेली. तिच्यातून खालचं कापड दिसतं, त्यामुळं शिवणीची रेघ काठाशी समांतर ओढायला दुसरं काही लागतच नाही, आणि इतकी वर्षं मी असल्या पट्टीशिवाय कसा जगलो, हे मला कळत नाही. मुंढ्याच्या, म्हणजे बाही जोडतात तिथल्या, गोलाईसाठी एक बाकदार पट्टी. ती हातात घेतली की नुसतं बघत बसावंसं वाटतं, कुठंही सरळ नाही आणि कुठंही चुकलेली नाही. एक वीतभर लांबीची छोटी पट्टी, तिच्यावर निळी खूण सरकते. खालची दुमड सगळीकडं सारखी येते का, हे बघायला ती अंगठ्याखाली धरून चालवत न्यायची. आई म्हणते, हे सगळं मी नजरेनं करते. करत असेल. माझी नजर तशी नाही, मला पट्टी लागते, यात लाजायचं काय?

गुण्या मात्र माझाच जुना वापरला. आणि व्हर्निअर. त्याचं ऐक. मास्तर बटणाच्या काजासाठी बटण कापडावर ठेवून अंदाजानं खूण करतात. मी व्हर्निअरनं बटणाची रुंदी घेतली, जाडी घेतली, दोन्हींची बेरीज केली, तेवढं काज पाडलं, आणि बटण असं गेलं की मास्तरांनी तीनदा घालून काढून बघितलं. मग व्हर्निअर हातात घेऊन विचारलं, हे कुठं मिळतं? त्या दिवशी मी घरी शीळ घालत आलो. आईनं विचारलं, बढती मिळाली का?

आता माझी खरी फजिती. आईची जुनी टेप तू पाहिलेली आहेस, पिवळी, कडा कातरलेली, मशीनच्या खणात गुंडाळून ठेवलेली असते ती. नवी टेप आणल्यावर मी हौसेनं जुनीही तपासली. माझ्या मीटरभर पट्टीवर तिचे शंभर मावेनात, सत्त्याण्णवच बसले. वर्षानुवर्षं ओढून ओढून ती लांबली होती. आईच्या टेपचे शंभर सेंटिमीटर म्हणजे खरे एकशेतीन. मला इतका आनंद झाला की विचारू नकोस. टेप मी रीतसर नापास केली, तशी चिठ्ठी लावली, आणि आईच्या वहीतून माझी मापं काढून नव्या, अचूक टेपनं माझ्यासाठी शर्ट कापला. शिवणीला कापड सोडलं, छातीला मास्तरांनी सांगितलं तेवढं जास्त घेतलं. सगळं पुस्तकात लिहावं असं. घातला, तर गळ्याचं बटण लागेना. बाह्या मनगटाच्या वर. श्वास घेतला की छातीवर आडव्या सुरकुत्या. त्याच वहीवरून आईनं शिवलेला शर्ट कपाटात होता, तो मात्र अंगावर कसा छान बसत होता.

रात्रभर आकडे मांडले असते, पण मास्तरांनी दोन वाक्यांत सोडवलं. म्हणाले, वहिनींनी अंगही त्याच टेपनं मोजलं आणि कापडही त्याच टेपनं कापलं, मग टेप लांबलेली असली म्हणून बिघडलं कुठं? तुम्ही अंग जुन्या टेपनं घेतलंत आणि कापड नव्या टेपनं. दोन्ही कामांना एकच टेप, साहेब. मी तिथंच स्टुलावर बसलो. म्हणजे तिचा एकही शर्ट मला कधी आवळला नाही, आणि मी मात्र तिच्या टेपला चिठ्ठी लावून मोकळा झालो होतो. घरी येऊन ती चिठ्ठी काढली आणि आईला तसं सांगितलंही. ती म्हणाली, चिठ्ठीचं काही नाही, अक्षर बरं होतं.

दुसरा शर्ट नव्या टेपनं अंग मोजून शिवला. हे पत्र लिहिताना तोच घातलाय. डावी कॉलर उजवीपेक्षा किंचित झुकलीय, आणि तरी मी तो पास केलाय, लिहून ठेव.

पण त्या मापांसाठी मी आईची वही पहिल्या पानापासून चाळली, ते तुला सांगायचं राहिलं. त्यात तू आहेस. दर सहा महिन्यांनी. दीड वर्षाची, तीन वर्षांची, सातव्या वर्षी एकदम वाढलेल्या बाह्या, चौदाव्या वर्षी कंबरेच्या आकड्यावर खोडाखोड, बहुतेक तू मोजू देत नव्हतीस. चोविसाव्या वर्षापर्यंतची पानं. मी कारखान्यात दिवसाला तीनशे नट तपासत होतो आणि घरात तू किती वाढलीस हे मला एका वहीतून कळतंय. मला फार वाईट वाटलं, बारके. आणि तुझ्या पुढच्या पानावर, आईच्याच अक्षरात, वर लिहिलंय, जावई. खाली छाती, खांदा, बाही, गळा, लांबी. गेल्या खेपेला ती तुमच्याकडं आली होती तेव्हाची मापं. हिरवं कापड कोणाचं, ते मला तेव्हा कळलं.

तो आपल्या घरी आला होता तो दिवस मला नीट आठवतो. रोपवाटिकेतून थेट आला होता, नखांत माती. मी विचारलं, घर कामापासून किती लांब? म्हणाला, असेल अंदाजे अर्धा तास. तुमच्याकडं झाडं किती? अंदाजे चार-पाच हजार. पुढं काय करायचं ठरवलंय? बघू. माझं टाळकं सटकलं. कारखान्यात एक नट नापास करायचा असला तर मी तो तीनदा मोजायचो, दुसऱ्याकडून मोजून घ्यायचो. या माणसाला मी चहा गार व्हायच्या आत नापास केलं, आणि तुलाही त्याच्याबरोबर. त्याची रोपं जगतात की नाही, हे विचारायचं मला सुचलं नाही. आई सांगते, जगतात. मी चुकलो, हे मी कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. दोन शब्दांचं वाक्य आहे आणि मला दोन वर्षं लागली.

आता पत्र कशासाठी, ते. आईला मी काल म्हटलं की त्या पानावरची मापं जुन्या टेपनं घेतलेली आहेत, त्यांवर कापड कापणं बरोबर नाही, मापं नव्यानं घ्यावी लागतील, आणि शर्ट मी शिवणार तर मापंही मीच घेतली पाहिजेत. मास्तरांचं म्हणणं मी तिला शब्दशः सांगितलेलं होतं. जुन्या टेपची मापं, जुन्या टेपनं कापड, शर्ट नेमका बसेल, हे तिला माहीत आहे, मलाही माहीत आहे. तरी ती म्हणाली, हो, त्या टेपचा काही भरवसा नाही, तुम्ही जाऊनच या. रविवारी सकाळी आलो तर चालेल का, त्याला विचारशील? दहा मिनिटांचं काम आहे. छातीचं माप घेताना समोर उभं राहून दोन्ही हात माणसाच्या पाठीमागून न्यावे लागतात आणि टेपची टोकं पुढं आणावी लागतात. मास्तरांच्या दुकानातल्या लाकडी धडावर मी ते पुष्कळदा केलंय, जिवंत माणसावर अजून नाही. त्यानं उभं राहू दिलं नाही तरी मी समजेन, तसा त्याला हक्क आहे. मग कापड आईला देईन, हात बरा झाला की ती तिच्या टेपनं कापेल, आणि शर्टाचं काही अडणार नाही. पण मला यायचंय.

उत्तर आलं नाही तरी तुझाच,
बाबा