लिफ्टची फिरती

मंगळवार, ३ जून

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आम्ही मजेत आहोत. हिनेही नमस्कार सांगितलाय.

बातमी अशी, की तुझा भाऊ विभागप्रमुख झाला. हसू नकोस. एकवीस वर्षं मी रुग्णालयाची लिफ्ट चालवतोय, पण यंदा पुनर्रचना समिती आली आणि तिने नियम काढला: रुग्ण जिथे दहा मिनिटांहून जास्त थांबतो तो विभाग, आणि अनुदान विभागालाच. आमची लिफ्ट तुला ठाऊकच आहे. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मध्ये ती विचार करत उभी राहते. समितीने घड्याळ लावलं, बारा मिनिटं भरली. झाला ‘उद्वाहन विभाग’. मला टेबल, खुर्ची, शिक्का आणि पाटी मिळाली. टेबल आत ठेवल्यापासून स्ट्रेचर मावत नाही, एवढीच अडचण.

तुझ्या मायेवर वाढलेला,
धाकटा

शनिवार, ७ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

वाचून बरं वाटलं आणि धास्तीही वाटली. शाळेत तुला वर्गाचा मॉनिटर केलं तेव्हा दोन दिवस पोट दुखतंय म्हणून घरी बसला होतास. मी तीस वर्षं आवक-जावक सांभाळली आहे. कुणी न मागता शिक्का दिला, की मागोमाग परिपत्रक येतं. सांभाळून राहा, आणि ते टेबल आधी बाहेर काढ.

तुझं भलं चिंतणारी,
ताई

शुक्रवार, १३ जून

ती. ताईस,
सा. न.

परिपत्रक आलं. कोणताही विभाग मंजूर मजल्यावरून हलवायचा नाही. आमचा मंजूर मजला तळमजला, त्यामुळे सोमवारपासून लिफ्ट खाली उभी आहे. मी एकदा वर नेली तर मेमो मिळाला. अधीक्षकांकडे गेलो. त्यांनाही वाईट वाटतंय, पण विभाग जागेवर सापडला नाही तर अनुदान जाईल, आणि डायलिसिसची बंद पडलेली दोन यंत्रं त्याच अनुदानातून दुरुस्त व्हायची आहेत, असं त्यांचं म्हणणं.

आणि डायलिसिस तिसऱ्या मजल्यावर. आमचे शिंपीकाका दर मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. या मंगळवारी दोघांनी त्यांना खुर्चीत घालून जिन्याने वर नेलं. वाटेत तीनदा खाली ठेवलं. काका मानी माणूस. जाताना मला एवढंच म्हणाले, की आयुष्यभर लोकांची मापं घेतली, पण आपलं ओझं किती ते आजच कळलं. आज ते आलेच नाहीत. मी दिवसभर खुर्चीत बसून होतो. शिक्का मारायला कागदसुद्धा नव्हता.

काही सुचत असेल तर कळव. बसच्या कंडक्टरबरोबर हे पाठवतोय.

तुझा,
धाकटा

रविवार, १५ जून

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

परिपत्रक दोनदा वाच. विभाग हलवायला बंदी आहे, फिरतीवर जायला नाही. विभागप्रमुख फिरतीवर जाऊ शकतो, आणि सोबत आपलं कार्यालय नेऊ शकतो. अर्ज कर. भत्ता मागू नकोस. बिनभत्त्याच्या फिरतीकडे कुणी ढुंकून बघत नाही. कारणाच्या रकान्यात रुग्ण नेतो असं खरं लिहिलंस तर दहा प्रश्न येतील. ‘वरच्या मजल्यांची पाहणी’ लिही.

पण अर्जाआधी शिंप्याच्या घरी जा. उद्या सकाळीच.

तुझी काळजी वाहणारी,
ताई

मंगळवार, १७ जून

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

काल गेलो. काका शिलाई मशीनपाशी बसले होते, पाय सुजलेले, दम लागलेला. यायला तयार नव्हते. जिना नाही, असं शपथेवर सांगितलं तेव्हा रिक्षात बसले.

अधीक्षकांनी अर्ज पाच मिनिटं न्याहाळला, भत्ता नाही ना एवढं विचारलं आणि सही केली. मग हळूच म्हणाले, की परतीच्या फिरतीचा अर्ज वेगळा लागेल. आज सकाळी त्यांनी चहाआधी दिवसभराच्या साठ सह्या केल्या. टेबल बाहेर काढलं. ते आता आमचं शाखा कार्यालय आहे.

लिफ्ट नेहमीच्या जागी अडकली. विभागप्रमुखाच्या खुर्चीत काका, आणि विभागप्रमुख त्यांची पिशवी धरून उभा. तिसऱ्या मजल्यावर सिस्टर वाटच बघत होत्या. चार तासांनी खाली नेताना काकांचा आवाज मोकळा झाला होता. म्हणाले, या विभागाचे आभार लेखी देतो. मी हात जोडले आणि म्हटलं, काका, शर्ट शिवून द्या, शिव्या द्या, पण लेखी काही देऊ नका.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा फिरतीवरचा,
धाकटा